बाहीची शिवण

पौडच्या बाजारात सुलताना मुजावर समोरून येताना दिसली, की काही माणसे रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानात शिरत. त्यात वैर नव्हते. ज्यांच्या घरातले कोणी मारले गेले, त्यांच्या शेजारी ती पोलीस चौकीच्या बाकावर, शवागाराच्या पायरीवर, न्यायालयाच्या व्हरांड्यात बसलेली होती. आणि आपल्या आयुष्यातला सर्वांत वाईट दिवस भाजीची पिशवी घेऊन समोरून यावा, असे कोणालाच वाटत नाही. हे तिला कळत होते. कळल्याने एकटेपण हलके होते, असे ज्या विद्वानांनी लिहून ठेवले आहे, ते बहुधा रोज चारचौघांच्या पंगतीत जेवत असावेत.

ती लवळ्याच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होती. अकरा वर्षांपूर्वी तिच्या भावाला, मोहिद्दीनला, भर दुकानात भोसकून मारले. तीन दिवस घर माणसांनी फुलून गेले. नंतरच्या सगळ्या तारखांना ती एकटी गेली. खटला संपल्यावर तिने नोकरी सोडली आणि दुसऱ्यांच्या तारखांना जायला लागली. शहरातल्या चर्चासत्रांत या कामाला भारदस्त नावे आहेत. डोंगरातल्या वस्त्यांवर तिला नुसते ‘संगं येनारी बाई’ म्हणत.

दोन वर्षे ती पारूच्या संगे जात होती. पारूची मुलगी दीपाली घोटावड्याजवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. एका शनिवारी संध्याकाळी ती हनुमंत नावाच्या माणसाच्या जीपमधून परतत होती आणि चालत्या जीपमधून रस्त्यावर पडली. उठून पायी घरी आली, डोके दुखते म्हणाली, आणि आईला एवढेच सांगितले, की त्याने बाही धरून ओढले म्हणून मी उडी टाकली. रविवारी रात्री ती झोपेतच गेली, पुन्हा उठली नाही. हनुमंताचे म्हणणे असे, की पोरगी उतरताना पाय घसरून पडली. त्याने तिला बोटही लावले नव्हते.

साक्षीच्या दिवशी सकाळी, न्यायालयाच्या व्हरांड्यात, पारूने पदराची घडी उलगडावी तसे एक वाक्य पुढे ठेवले.

“बाई, त्या बाहीचं सांगू का?”

“कसलं बाहीचं?”

“फाटली व्हती. पार काखंपतुर. म्या शिवली.”

सुलताना तिच्याकडे वळली. “कधी?”

“आयतवारी सकाळी. पोरगी निजली व्हती. कापडं धुतली, वाळू घातली, बाही शिवली. सोमवारी कारखान्यात सकाळची पाळी व्हती न्हवं तिची? फाटका डरेस घालून गेली तर सायब गेटावरनंच म्हागारी धाडतो. लेक फाटक्यात कशी धाडू?”

वस्तीवर कधीकाळी शिवणवर्ग झाला होता. पाहुणे आले, भाषणे झाली, पारूला कागद मिळाला. त्या उपक्रमातून महिलांचे सक्षमीकरण झाले की नाही हे ठाऊक नाही; पारूची शिवण मात्र इतकी बारीक झाली, की दोरीवरून कारखान्याचा गणवेश जप्त करणाऱ्या पोलिसांनी पंचनाम्यात लिहिले: बाही सुस्थितीत. हनुमंताचा हात जिथे पडला होता, ती एकमेव जागा आईने स्वतःच्या हाताने बुजवली होती.

सुलतानाने सरकारी वकिलांना गाठले. ते कागदांतून मान वर न करता म्हणाले, “गणवेश धुतला, शिवला म्हटलं की पुरावा संपलाच. पंचनाम्यात नाही ते तिच्या तोंडी कशाला? लेकीनं काय सांगितलं तेवढंच बोलायला सांगा. तुमचं ऐकते ती.”

ऐकते, हेच अवघड होते. सुलतानाच्या मनात क्षमा नावाची वस्तू शिल्लक नव्हती. हनुमंत तुरुंगात कुजावा, असे तिला अगदी शांतपणे वाटत होते. ‘गप्प राहा’ या दोन शब्दांनी ते कदाचित साधलेही असते. ती परत आली तेव्हा पारू बाकाच्या कडेवर बसून तिचीच वाट पाहत होती.

“जसं झालं तसं सांग,” सुलताना म्हणाली.

“मंग तुमी म्होरं बसा. मला दिसाल अशा. वकील अंगावर आला की माझी जीभ टाळ्याला चिकाटती.”

“बसते. हलत नाही.”

आत साक्ष सुरू झाली. शिपायाने लाखेची मोहोर तोडून जप्त कपड्याचे पुडके उघडले. निळा गणवेश पारूच्या हाती दिला. ओळखता का, या प्रश्नाला तिने उत्तर दिले नाही, आधी बाही उलटी केली, अंगठा शिवणीवरून फिरवला आणि म्हणाली, “व्हय. ही म्याच शिवली.”

हनुमंताचे वकील सावकाश उठले. “पंचनाम्यात बाही सुस्थितीत आहे. दोन वर्षांनी आज फाटली? कोणी सांगितलं हे बोलायला?”

पारूला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायची खोड होती.

“बाईंनी. म्हनल्या, झालं तसं सांग.”

“कुठल्या बाईंनी?”

तिने विश्वासाने बोट उचलले.

साक्षीदार पढवलेली असल्याची हरकत नोंदली गेली. न्यायाधीश वाईट गृहस्थ नव्हते. वाईट असते तर रागवायला सोपे गेले असते. त्यांनी सुलतानाला बाहेर जायला सांगितले आणि साक्ष पूर्ण होईपर्यंत या बाईंशी एक शब्दही बोलायचा नाही, अशी पारूला ताकीद दिली.

“त्या कुटं निघाल्या?” पारूचा आवाज एकदम बारीक झाला. “त्या हितं बसनार हायेत.”

“समोर बघा.”

दार लोटले गेले. खरे सांगेन, अशी शपथ घेतल्यावाचून त्या खोलीत कोणी तोंड उघडू शकत नाही. तेच वाक्य व्हरांड्यात प्रेमाने उच्चारले तर तो गैरप्रकार ठरतो. सुलताना बाकावर बसली. आतले काही ऐकू येत नव्हते. तासाभराने पारू बाहेर आली, थबकली, आणि सरकारी वकिलांच्या कारकुनाने नकारार्थी मान हलवताच खालमानेने निघून गेली. साक्ष अर्धवट राहिली होती.

डोंगराकडे जाणारी एसटी त्या वेळेला एकच. पारू दाराजवळच्या बाकावर बसली, सुलताना तीन बाके मागे. पिरंगुट सुटल्यावर पारू कंडक्टरशी मोठ्याने बोलायला लागली.

“तुमाला म्हनून सांगते, वकील म्हनला खोटं हाय. म्या म्हनलं, उसवून बगा. आत फाटलेलं दिसंल.”

“मावशी, मला काय सांगताय? तिकिटाचं बोला.”

“तुमालाच सांगते. दुसऱ्या कुनाशी बोलायची बंदी हाय.”

पुढचे दोघे हसले. “मग काय म्हणाला वकील?” कंडक्टरने विचारले.

“गप बसला. जज सायबानी बाही उलटी करून लई येळ बगितली. बोलले काय न्हाईत. फुडल्या तारखंला मला एकलीलाच जायचंय.” ती तिकिटाची घडी घालत राहिली. “जाईन म्या. भ्याले न्हाई म्हनावं.”

शाब्बास, हा शब्द सुलतानाच्या ओठांपर्यंत आला होता. तो बाहेर पडला असता तर पारूची सगळी साक्ष पुसली गेली असती. तिने खिडकीबाहेर पाहिले.

पौड आले. उतरताना तिला पारूच्या गुडघ्यांना घासूनच जावे लागले. पारूने गाठोडे मांडीवर ओढून घेतले, मान वर केली नाही; कंडक्टरला मात्र म्हणाली, “घाई करू नका. उतरू द्या मानसाला.”

सुलताना उतरली. दोनदा घंटी वाजली आणि गाडी डोंगराच्या दिशेने निघून गेली.