रंगवलेल्या दोन फळ्या

परळ-लालबागच्या पट्ट्यात कुशाबाने पाय ठेवलेली फळी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. इमारतीला परांची बांधायची असली की तो आधी फळ्या जमिनीवर मांडायला लावी, दोन्ही टोकांखाली विटा, आणि मधोमध स्वतः उभा राहून अंगाचा भार देई. मग फळी उलटवून पुन्हा तेच. कुरकुरली की बाजूला, भले कालच वखारीतून आणलेली असो. ठेकेदार चरफडे, गवंडी म्हणत मुकादम फळीवर नाचतो. नाचेना का. त्याच्या परांचीवरून आजवर कुणी पडलं नव्हतं. ह्याच भरवशावर धाकट्या बहिणीने, मालनने, आपल्या नवऱ्याला त्याच्या हाताखाली धाडलं होतं. धोंडूचं गिरणीतलं काम सुटलं होतं. तुझ्या नजरेखाली असेल तर मला घोर नाही, असं ती भावाला म्हणाली होती.

कुशाबाचा आणखी एक हेका होता. फळीला रंग लावायचा नाही. कोरी फळी आपलं दुखणं सांगते, रंगवलेली पोटात ठेवते, असं तो म्हणे, आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

पण दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. गल्लोगल्ली सभा होत होत्या. पोरं व्यासपीठासाठी फळ्या मागायला आली तेव्हा कुशाबाने त्या हौसेने दिल्या. सभा जोरात झाली. फळ्या परत आल्या त्यांतल्या दोन व्यासपीठाच्या दर्शनी बाजूला ठोकलेल्या होत्या. पांढऱ्या तेलरंगावर ठसठशीत लाल अक्षरं: एकीवर 'संयुक्त महाराष्ट्र', दुसरीवर 'झालाच पाहिजे'. खिळ्यांच्या भोकांतसुद्धा रंगाऱ्याची लांबी लिंपून वर रंग दिला होता. पोरांनी काम मन लावून केलं होतं, हेच वाईट झालं.

त्यांतली एक विटांवर ठेवली होती, तिच्यापुढे कुशाबा उभा राहिला. पाय उचलला आणि परत जमिनीवर टेकला. त्याच्या बापाने गावची शाळा बाहेरून पाहिली होती, तीही लांबून. कुशाबा स्वतः चाळिशीला टेकल्यावर वस्तीतल्या वर्गात बसून वाचायला शिकला. गेल्या वर्षी दीक्षा घेतली तेव्हा देव सुटले, अंगारेधुपारे सुटले. अक्षर मात्र त्याच्या लेखी पायाखाली घालायची चीज नव्हती. त्यातून ही अक्षरं. ह्यांच्यासाठी माणसांनी गोळ्या खाल्ल्या होत्या. उलटी करून उभं राहावं तरी अक्षरं मातीकडे, वर आपला भार. रंधा मारून काढता आली असती, पण त्या दिवसांत, लालबागच्या भर रस्त्यावर, ते कोण करणार?

त्याने हातोडीच्या दांड्याने दोन्ही फळ्या ठोकून पाहिल्या. मागची कोरी बाजू न्याहाळली. ती चांगली होती. चला, असं म्हणून त्याने हात झटकले.

वर तिसऱ्या मजल्यावर फळ्या चढल्या तेव्हा धोंडूही पाय टाकायला बिचकला. कुशाबाने खालून हाक दिली, "दाजी, अक्षरं खालच्या अंगाला करा. रस्त्यावरनं वाचता येतील."

ही कल्पना सगळ्यांनाच आवडली. पाळी सुटली की कामगार माना वर करून वाचत, कुणी टोपी काढून हलवी. कुशाबाचा ऊर भरून येई. गिलावा सुरू झाला, आणि त्या दोन फळ्या बिनपारखलेल्या आहेत हे तो विसरूनही गेला.

एका दुपारी मालाने भरलेलं घमेलं घेऊन धोंडू 'झालाच पाहिजे'च्या फळीवर आला आणि ती मोडली. दोन शब्दांच्या मधोमध, जिथे खिळ्याने चीर पडली होती आणि चिरेत लांबी होती, तिथेच. अक्षरं खाली केल्यामुळे ती चीर खालच्या अंगाला आली होती, भाराने उघडायला मोकळी. एकदा उभं राहिलं असतं तर ती जमिनीवरच बोलली असती. धोंडू इस्पितळात पोचण्याआधीच गेला.

मालनच्या खोलीत चाळ लोटली होती. कुणी ठेकेदाराला शिव्या देत होतं, कुणी म्हणत होतं, मुकादमालाच विचारा. तेवढ्यावर मालन उठली. रडून तिचा आवाज बसला होता. तिने सगळ्यांना सांगितलं की तिच्या भावाला कुणी बोल लावायचा नाही. तो स्वतः उभा राहिल्याशिवाय फळीवर मुंगीलाही चढू देत नाही. त्याने पारखलेली फळी मोडली म्हणजे तिचंच कपाळ फुटकं. बोलता बोलता ती कुशाबाच्या शेजारी बसली आणि तिने त्याचा हात धरला.

गप्प राहिला असता तर ते कायमचं मिटलं असतं. पण तो हात त्याला सोसवेना.

"मी उभा राह्यलो नव्हतो, मालन," तो म्हणाला. "अक्षरं होती तिच्यावर. पाय द्यायला जीव झाला नाय."

मालनने त्याच्याकडे बघितलं.

"तुला नाय झाला," ती म्हणाली. "आन् त्यांना धाडलंस."

तिने त्याचा हात त्याच्या मांडीवर नेऊन ठेवला, आणि उठून बायांच्यात जाऊन बसली.