दुसरी ताई

ताईने एका हाताने चिमणीची ओली चड्डी खाली ओढली आणि दुसऱ्या हाताने, मागे न बघताच, बेसिनवर चढू पाहणाऱ्या पोराची कॉलर धरली.

"उतर. उतर म्हणते ना!"

तेवढ्यात पलीकडच्या खोलीत काहीतरी धाडकन पडलं. पाठोपाठ रडणं ऐकू आलं, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. पडूनही न रडणाऱ्या पोराची भीती जास्त.

दोन वर्गांमधला सरकता दरवाजा कधीपासून उघडाच होता. पलीकडची ताई नोकरी सोडून गेली, तिच्या जागी आलेली आठवडाभरही टिकली नाही, आणि तेव्हापासून दोन्ही वर्ग हिच्याच गळ्यात पडले होते. मोठ्या बाई, म्हणजे बालवाडीच्या मुख्य बाई, रोज सकाळी दारात डोकावून म्हणायच्या, "बघतेय गं मी. माणसंच मिळत नाहीत." ते खोटं नव्हतं. पण मिळालेली माणसं पळून का जातात, हा विषय काढायची सोय नव्हती.

पूर्वी ताई गोष्ट सांगताना कोल्ह्याचा आवाज काढायची. मुलं खिदळत एकमेकांच्या अंगावर पडायची. आता ती दिवसभर फक्त डोकी मोजायची, आणि घरी गेल्यावर नवरा काही बोलला तरी आधी त्याची बटणं नीट लागलीत का ते बघायची.

चिमणीला कोरडी चड्डी घालून ती धावत पलीकडे गेली, तर पडलेल्या पोराला कुणीतरी आधीच मांडीवर घेतलं होतं. एक तरुण मुलगी जमिनीवर बसून त्याच्या गुडघ्यावर फुंकर घालत होती.

"बाईंनी पाठवलं," ती म्हणाली. "आज नुसतं बघायला आलेय. जमलं तर सोमवारपासून."

बघायला आलेली मुलगी नुसती बघत बसली नाही. तिने चप्पल कोपऱ्यात सरकवली, बाह्या वर केल्या आणि ठोकळ्यांवरून जुंपलेल्या दोघांच्या मध्ये जाऊन बसली. ओरडली नाही, धाक घातला नाही. थोड्या वेळाने ते दोघे तिलाच पूल कसा बांधायचा ते शिकवत होते. ताई दारात उभी राहिली. आपले हात रिकामे आहेत हे तिच्या लक्षात यायलाही वेळ लागला.

मग ती मुक्याजवळ जाऊन बसली. मुका हे तिनेच मनात ठेवलेलं नाव. पोरगा घरी बोलायचा म्हणे, इथे चकार शब्द काढत नसे. तो रोज ठोकळ्यांचं गोल कुंपण रचायचा आणि ताई जाता जाता म्हणायची, "वा, छान घर!" आज ती शेजारी नुसतीच बसून राहिली. बऱ्याच वेळाने तो खाली बघूनच म्हणाला,

"घर नाहीये. विहीर आहे."

ताईने श्वास रोखला. "हो? आत कोण आहे?"

"बेडूक. झोपलाय."

"मग आपण हळू बोलू या," ती कुजबुजली. त्याने मान डोलावली आणि एक ठोकळा तिच्या हातात दिला.

दुपारी मोठ्या बाईंनी तिला बाहेर बोलावलं. चेहरा खुलला होता.

"पोरगी चांगली आहे ना? बरं झालं बाई! आता थांबवून ठेवलेली मुलं घेता येतील. रोज फोन येतात लोकांचे."

"म्हणजे आणखी मुलं?"

"दोघी असाल ना तुम्ही."

"बाई, दोन वर्गांना दोघी तर आधीपासूनच हव्या होत्या. ती आली तर कुठे तेवढ्या होतोय आम्ही."

"अगं, मुलं वाढल्याशिवाय तिचा पगार निघणार कुठून? सोंगं सगळी आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. तू तेवढं तिला सांभाळून घे. उगाच घाबरवू नकोस."

 ताईने एप्रनची गाठ सोडून पुन्हा बांधली, गरजेपेक्षा घट्ट.

मुलं झोपल्यावर दोघी रंगाचे ब्रश धूत होत्या. नवी मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, "मला आवडलं इथे. पण खरं सांगा ताई, रोज असंच असतं?"

नळाखाली निळं पाणी वाहत होतं. एक शब्द पुरला असता. नाही गं, आज जरा गडबड झाली, एवढं म्हटलं की सोमवारी ही येणार होती. मुक्याची विहीर रोज बघता आली असती. निदान काही दिवस तरी.

"याहून वाईट असतं," ताई म्हणाली. "आणि तू आलीस की आणखी मुलं घेणार आहेत. मला विचारशील तर येऊ नकोस."

मुलीने ब्रश उभे करून ठेवले, हात पुसले आणि ती बाईंच्या खोलीत गेली. बाहेर आल्यावर तिने कोपऱ्यातली चप्पल पायात घातली. जाताना तिने झोपलेल्या मुलांकडे एकदा पाहिलं, ताईकडे पाहायचं टाळलं.

मोठ्या बाई दारात आल्या. "काय सांगितलंस तिला?"

"तिने विचारलं तेवढंच."

बाई आता फटकारतील म्हणून ताई वाट बघत राहिली. पण बाई मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या, गुडघे हनुवटीला टेकतील अशा. झोपेतून उठलेली चिमणी डोळे चोळत आली आणि हक्काने त्यांच्या मांडीवर चढली. बाईंचा हात आपोआप तिच्या पाठीवर फिरू लागला.

"मी याच खोलीत केस पांढरे केले," त्या म्हणाल्या. "मला का कळत नाही?"

ताईला वाटलं, आता काहीतरी बदलेल. पण बाईंच्या खोलीत फोन वाजला. बाईंनी चिमणीला खाली ठेवलं आणि त्या लगबगीने गेल्या. व्हरांड्यातून त्यांचा गोड झालेला आवाज आला.

"जागा ना? आहे की. आणा तुम्ही बाळाला."

ताई मुलांकडे वळली. एव्हाना सगळी मुलं उठली होती.

"चला," ती म्हणाली, "आज बाईंची खोली बघायची."

रांग काही झाली नाही. कुणी एप्रन धरला, कुणी एकमेकांचे शर्ट, मुका दोन ठोकळे काखेत मारून निघाला. दोन्ही वर्ग बाईंच्या खोलीत शिरले. कुणी टेबलाखाली गेलं, कुणी फिरत्या खुर्चीच्या दांड्याला लोंबकळलं, ज्यांना आत शिरता आलं नाही ते दारात ढकलाढकली करू लागले. ताई भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

फोन कानाला तसाच होता. पलीकडून कुणीतरी काहीतरी विचारत होतं. मोठ्या बाईंनी खोलीभर नजर फिरवली आणि शेवटी ताईकडे पाहिलं.

"एक मिनिट हं," त्या फोनमध्ये म्हणाल्या, आणि खोलीतली डोकी मोजू लागल्या.