तिसऱ्या अंकातले हसू

"हसू नकोस," वहिनी म्हणाली आणि तालीम थांबली.

नवी नायिका गोंधळली. तिसऱ्या अंकातले ते हसू म्हणजे या नाटकाचा प्राण. घर सोडून गेलेला नवरा कित्येक वर्षांनी दारात उभा राहतो. बायको त्याला आपादमस्तक न्याहाळते, हसते आणि म्हणते, "बसा. पाणी आणते." त्या हसण्यासाठी लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढत. ते हसू वहिनीचे होते, आणि या पोरीने जुन्या ध्वनिफितीवरून ते हुबेहूब उचलले होते. मी कपडेपट सांभाळते. विंगेत बटण लावत बसले होते, ते ऐकून मी वहिनीकडे वळून पाहिले.

"पण ताई, लोक तेच बघायला येणार ना?"

"ते माझं आहे, बाई. मला हसू आलं, म्हणून मी हसले. तुझा नवरा परत आलाय. तुला काय होतंय?"

पोरगी पुन्हा आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी चूळ भरताना वहिनीच्या ओठांच्या कोपऱ्यातून पाणी गळले. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती. औषधांनी बोलणे सुधारले, डोळा मिटू लागला. ओठ मात्र वर गेला नाही. माझा दादा घरातले आरसे उतरवायला निघाला, तेव्हा "मग मी भांग कुणाकडे बघून पाडू?" असे विचारून तिने त्याला खाली बसवले. नाटक कंपनीचे मालक भेटायला आले आणि धीर देऊन झाल्यावर निरोपाच्या सत्काराचे बोलू लागले. तिने सगळे ऐकून घेतले.

"सत्कार राहू द्या. पुढचं नाटक मी बसवते."

पहिल्याच तालमीत एक बुजुर्ग नट तोंडावर म्हणाला, दिग्दर्शकाला करून दाखवता आले पाहिजे. मी मान खाली घातली. वहिनीने घातली नाही.

"मी करून दाखवलं असतं, तर तुम्ही माझी नक्कल केली असती. आता तुम्हालाच शोधावं लागेल."

त्या नाटकात त्याने जे काम केले, तसे उभ्या जन्मात केले नव्हते. हे तो स्वतःच सांगत फिरतो.

तिने स्वतः गाजवलेल्या या नाटकाचा विषय मात्र ती टाळत आली होती. या वर्षी तिनेच तो काढला. मालकांना आनंद झाला, पण हसू काढून टाकल्याचे कळताच ते तिकीटविक्रीचा हिशेब मांडू लागले. नायिका तर रडली, काम सोडते म्हणाली. वहिनी रागावली नाही की तिने समजूत काढली नाही. रोज तोच एक प्रश्न विचारत राहिली, "तुला काय होतंय?"

पहिल्या प्रयोगाला नाट्यगृह तुडुंब भरले. तिसऱ्या अंकात नवरा दारात आला आणि लोक त्या हसण्याची वाट पाहत पुढे सरकून बसले. पोरीने त्याच्याकडे पाहिले, मग वळून खुर्ची पुसायला घेतली. बैठक पुसली, पाठ पुसली, खुर्चीचे हात पुसले. तो उभाच. तिने पुसलेली खुर्ची पुन्हा पुसली, मग पुन्हा. शेवटी पाठमोरीच म्हणाली, "बसा. पाणी आणते."

टाळी पडली नाही. कुणी खोकलेसुद्धा नाही. माझ्या हातातली सुई तशीच राहिली. या नाटकाच्या कपड्यांना मी वर्षानुवर्षे इस्त्री केली होती. पण ही बाई त्या घरात किती एकटी होती, हे मला त्या क्षणी कळले.

प्रयोग सुटल्यावर वहिनी बाजूच्या जिन्याशी उभी होती. कपड्यांचे बोचके घेऊन मी तिच्या मागे होते. पाठच्या रांगेतल्या एक वयस्कर बाई काठी टेकत आल्या आणि तिच्यापाशी थांबल्या. त्यांनी तिला ओळखले नाही.

"मी जुनंही पाहिलंय हो," त्या म्हणाल्या. "ती बाई काय हसायची! तुम्ही पाहिलं होतंत का?"

"नाही," वहिनी म्हणाली. "तेव्हा मी कामात असायचे. आज पहिल्यांदाच पाहिलं."

बाईंनी जिना उतरायला हात पुढे केला. वहिनीने तो धरला, आणि दोघी एकेक पायरी सावकाश उतरू लागल्या.