धोंड्यात आलेला जावई

परवा नातसुनेच्या डोहाळजेवणाला सगळं गोत जमलं होतं. जेवणं झाली, पानं लागली आणि माझ्या धाकट्या भावाचा मुलगा जुन्या गोष्टी सांगायला बसला. म्हणाला, "आमच्या पणजोबांनी बेचाळीस साली टाकलेल्या लेकीला सासरी धाडलं नाही. जावयाला दारातून रिकाम्या हाती परत पाठवलं. त्या काळात, निजामी मुलखात, एवढा पुढचा विचार!" सगळ्यांनी माना हलवल्या. एका पोरीने तर डोळे पुसले.

मी तिथेच बोलणार होते, पण पोटुशीच्या ओटीच्या वेळी भांडण कशाला, म्हणून गिळून बसले. घरी आल्यापासून मात्र झोप नीट नाही. उकंडराव माझे आजोबा. त्यांनी मला खांद्यावर बसवून नरसीच्या जत्रेत फिरवलं आहे, त्यांच्यावर माझी माया होती. पण जे त्यांनी केलं नाही, त्याचा मान त्यांना कुणी देऊ नये. तो ज्यांचा आहे त्या दोघी आता नाहीत. पाहणारी मी एकटी उरले आहे.

त्या साली मी दहा वर्षांची होते. आमचं घर नरसीत, कयाधूच्या काठाला. पार्वती आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती आमच्याकडेच राहायची. चार वर्षं नांदली, पोटी मूल झालं नाही. नागपंचमीला माझे वडील तिला मुळाला जाऊन घेऊन आले. रीत अशी की माहेरच्यांनी आणायचं आणि सासरच्यांनी न्यायला यायचं. दिवाळी आली, संक्रांत आली, न्यायला कुणी आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात कळलं की नवऱ्याने, तातेरावाने, दुसरी केली. भांडण नाही, मारझोड नाही, काही नाही. न्यायला आला नाही, बस. त्याला आता बारा वर्षं झाली होती.

आत्याच्या हातात शेवयांची कला होती. तिरपा पाट लावून ती वर बसायची, तळव्याखाली कणीक घासायची, आणि खाली केसासारख्या तारा सुटत यायच्या. मी खाली बसून त्या काठीवर झेलायची. तार तुटली असं मला आठवत नाही. म्हणून लग्नसराई आली की आमच्याकडे अक्षत यायची ती अशी, "लग्न अमुक तिथीला, पार्वताबाईला आठ दिस आधी धाडा." त्या उन्हाळ्यात तर घाई फारच होती. जेठाचा धोंडा येणार होता. धोंड्याच्या महिन्यात लग्न लागत नाही, म्हणून सगळ्यांनी आपापल्या पोरी चैत्र-वैशाखातच उजवायला काढल्या. चार लग्नं झाली. औंढ्याला दोन, पुसेगावला एक, एक आमच्या नरसीतच. चारी ठिकाणी आत्या आणि तिच्या मागे मी.

पुसेगावचं मला विसरता येत नाही. तिथे आईच्या चुलत बहिणीच्या लेकीचं लग्न होतं. सहा दिवस आत्याने शेवया, कुरडया, पापड केले. हळदीच्या आदल्या दिवशी घाणा भरायचा होता. घाण्याला पाच सवाष्णी लागतात. मुसळ बांधलं, चौघी जमल्या, पाचवीचा पत्ता नाही. तिची गाडी वाटेत कुठे अडकली होती. आत्या तिथेच उभी होती. हाताला पीठ, कपाळाला चांगलं रुपयाएवढं कुंकू. मी मोठ्याने म्हणाले, "आत्या हाय की."

 घरधनीण इकडे तिकडे बघायला लागली. तेव्हा माझी आईच पुढे झाली. माझी आई, चतुराबाई! म्हणाली, "वन्सं, तुमी शेवया बघा. वाळून राहिल्यात वर."

आत्या म्हणाली, "व्हय, बघते वैनी." आणि माडीवर गेली. मग तीन घरं सोडून कुणा अनोळखी सुनेला बोलावून आणलं आणि पाच पूर्ण केल्या. रात्री त्याच शेवयांची खीर सगळ्यांनी दोन-दोनदा मागून घेतली. मी खाल्ली नाही. आईने पाठीत धपाटा घातला तरी खाल्ली नाही.

धोंडा लागला. लेकी-जावयांचा महिना. लेक-जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, दोघांना पाटावर बसवायचं आणि तबकात अनारसे, दिवा, धोतरजोडी असं वाण द्यायचं. जावयाला दिलेलं वाण म्हणजे विष्णूला दिलेलं, असं म्हणतात. आमच्या घरी बारा वर्षांत चार धोंडे येऊन गेले होते, पण जावई कुणी आला नव्हता. त्या साली अर्धा महिना सरला आणि एका दुपारी दारात घोडं थांबलं. उतरला तो तातेराव. पोट सुटलेलं, मिशीला तेल. जणू मागच्या आठवड्यात जेवून गेला होता अशा सुरात म्हणाला, "मामा, येऊन राहिलो म्हनलं, धोंडा हाय."

आजोबांचे डोळे भरून आले! मी पाहिलं ना. त्यांनी आपल्या हाताने त्याचे पाय धुतले. जेवण झाल्यावर तातेरावाने सुपारी फोडत सांगितलं, "पार्वतीला न्यावं म्हंतो. घरात करनारं मानूस न्हाई."

"न्या की," आजोबा म्हणाले. "लेक तुमचीच हाय, आमी नुस्ती सांभाळली. पर एक हाय, पाव्हणं. बारा वर्सांनी लेक नांदायला निघायची, ती मळमासात कशी धाडू? धोंडा उतरू द्या. निज जेठाच्या पाडव्याला मी सोता आनून घालतो."

तातेरावाचा चेहरा उतरला. वाणाच्या लोभाने तो धोंड्यात आला आणि तिथेच फसला. महिनाभर आधी आला असता तर आजोबांनी त्याच सांजेला बैल जुंपले असते आणि आम्हाला कुणाला तोंड उघडायला वेळ मिळाला नसता.

आत्याला कुणी काही विचारलं नाही. ती चुलीपुढे होती. पुरण वाटत होती.

दुसऱ्या दिवशी वाण द्यायचं ठरलं. पाटावर बसणाऱ्या लेकीच्या हातात नवा चुडा हवा, म्हणून सकाळी रहमतबीला बोलावलं. रहमतबी बांगड्या भरायला नरसीपासून औंढ्यापर्यंत गावोगाव फिरायची. कुणाच्या घरात कोण बाळंत, कोण आजारी, तिला सगळं ठाऊक. तिने आत्याचा हात हातात घेतला, पंजा दाबला, दोन बांगड्या चढवल्या आणि थांबली.

"पार्वताबाई, बोलू का एक? तुमच्या सवतीला मी परवाच भरून आले. एकाच हातात भरल्या. उजवा हात उचलतच न्हाई तिचा. लकवा मारला. बाजेवर पडून राहिली बिचारी. तीन लेकरं, धाकटं अजून रांगून राहिलं."

आत्या म्हणाली, "मग घरचं कोन करतं?"

"कोन करील? म्हनून तर तुमची याद आली न्हाई का त्यांला!"

आई मधे पडली. "रहमतबी, चांगल्या कामाला आली, असं काहून बोलून राहिली?"

"चतुराबाई, मी बांगड्या इकते. बात इकत न्हाई. खरी हाय ती फुकट सांगते."

आत्याने हात मागे घेतला. चढवलेल्या दोन बांगड्या तशाच राहिल्या, बाकीच्या तिने भरू दिल्या नाहीत. आईने जाऊन आजोबांच्या कानावर घातलं. मला वाटलं आता आजोबा भडकतील, काठी घेऊन उठतील. ते काय म्हणाले ते मी दाराआडून ऐकलं. म्हणाले, "मग तर जायलाच पायजे. तीन लेकरं आयती मिळाली पारीला. देव देतो तवा असं देतो."

असं देतो! बारा वर्षांत ज्याने लेकीच्या नावाने एक चोळीखण धाडला नाही, तो आता आजारणीची उसाभर करायला बिनपगारी बाई न्यायला आला, आणि ती देवाची देणगी. आज सत्तर वर्षांनी लिहितानाही माझं अंग तापतं.

दुपारी ओसरीवर दोन पाट मांडले. रांगोळी घातली. भाऊबंद जमले, बायका दाराशी उभ्या राहिल्या. तातेराव पाटावर जाऊन बसलासुद्धा. आजोबांनी हाक मारली, "पारे, ये. बस."

आत्या आतून आली, तबक घेऊन. अनारसे तिनेच तळले होते. तबक तिने आजोबांपुढे ठेवलं आणि उभीच राहिली.

"बस की."

"आबा, आधी मला एक सांगा." तिचा आवाज चढा नव्हता. "चैतापासून चार लग्नं झाली. चारी ठिकानी मी आठ-आठ दिस खपले. एका तरी घान्याला मला बसवलं का? एकीनं तरी माझी ओटी भरली का?"

"आता ते काहून काढून राहिली?"

"कुंकू माझ्या कपाळाला होतंच. तुमचे सगळ्यांचे डोळेबी धड होते. तवा तुमी सगळ्यांनी मिळून ठरवलं, का हिला नवरा न्हाई. मी बराबर म्हनलं आन चुलीपाशी जाऊन बसले. मग आज हा कुठून आला?"

तातेराव म्हणाला, "मामा, जावयासमोर हे असं बोलनं?"

"पारे, पाटावर बस. लोक बघून राहिले," आजोबा दात आवळून म्हणाले.

"बघू द्या. बारा वर्सांत पहिल्यांदाच बघून राहिले माझ्याकडं."

बायकांत कुणीतरी खुसकन हसलं आणि लगेच पदर तोंडाला लावला. माझी आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिची मान खाली होती. आत्या वळून आत गेली.

 मग आधी कोण बोललं असेल? तातेराव. म्हणाला, "मग मामा, वाणाचं कसं?"

आणि आजोबांनी ते दिलं! शेजारचा पाट रिकामा, आणि आजोबांनी जावयाच्या हातात तबक दिलं. धोतरजोडी दिली, चांदीचं वळं दिलं, लेकीच्या वागण्याची माफी मागितली. म्हणे रिकाम्या हाती परत पाठवलं! तो अनारसे घोड्याच्या पडशीत बांधून गेला आणि आजोबा वेशीपर्यंत पोचवायला गेले. पाडव्याला आणून घालतो, असा शब्द तिथे पुन्हा दिला.

पुढचे बारा दिवस घरात मोठं कुणी आत्याशी धड बोललं नाही. माझे वडील, व्यंकटराव, स्वभावाने गरीब. ते बहिणीला पाहिलं की गोठ्यात जायचे. आई कामापुरतं बोलायची. आत्या रोजच्यासारखी उठायची, सडा घालायची, भाकरी करायची. मी एकदा विचारलं, "आत्या, तू जाशील?" ती म्हणाली, "मी पाय उचलला तर जाईन ना?" पण तिला उचलून गाडीत टाकतील, अशी मला भीती होती, आणि तशी बोलणी चाललेली मी ऐकली होती.

धोंडा उतरला. पाडव्याच्या सकाळी आजोबांनी छकडा दारात उभा केला, बैल जुंपले. स्वतः धुतलेला फेटा बांधला. आत्या जात्याशी बसली होती, दळत होती.

"पारे, ऊठ. उनाच्या आत पोचायचं."

जातं फिरत राहिलं.

"हात धरून उठवू का तुला?"

जातं फिरत राहिलं. वडील बैलांच्या जोत्याची गाठ तिसऱ्यांदा बघत होते. आजोबा आईकडे वळले. "सूनबाई, हिचं बोचकं आन भाईर."

आई आत गेली. त्या क्षणी मला आई नको झाली होती, खरं सांगते. पुसेगावला जसं केलं तसंच आता करणार, असं मला वाटलं. आई बाहेर आली ती सुपात ज्वारी घेऊन. पदर खोचून ती आत्याच्या समोर बसली आणि तिने जात्याच्या खुंट्याला हात घातला.

"वन्सं, सरका जरा. एकटीनं कवर वढसाल?"

"सूनबाई, मी बोचकं म्हनलो," आजोबा गरजले.

आईने आयुष्यात सासऱ्याला उलट उत्तर दिलं नव्हतं. तिने पदर डोक्यावर सारखा केला, वर पाहिलं नाही. "मामंजी, पीठ सरलंय घरातलं. दळण झाल्यावर बघू."

दळण होईना. सूप रिकामं झालं की आई मला नुसती खूण करायची आणि मी कणगीतून पुन्हा भरून आणायची.  ऊन ओसरीच्या पायरीवर आलं, मग खाली उतरलं. आजोबा छकड्याच्या जूवर हात ठेवून उभे होते. माणसं येत होती, थांबत होती, पुढे जात होती. बैल उन्हात माना टाकायला लागले तेव्हा वडिलांनी कुणालाही न विचारता त्यांना सोडलं आणि पाण्यावर नेलं.

आजोबांनी फेटा उतरवला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. संध्याकाळी ते जेवायला बसले. आत्याने त्याच पिठाची गरम भाकरी त्यांच्या ताटात टाकली. त्यांनी ती बराच वेळ तशीच ठेवली आणि मग मोडली.