वनितानं घेतलेला रेकॉर्डर

समाधान आणि वनिता हे नवरा-बायको शूटिंगवर आवाजाचं काम करायचे. राहायला बीडमध्ये, आणि काम निघेल तिकडे मोटारसायकलवर. समाधान रेकॉर्डर गळ्यात अडकवून प्रत्येक माईकच्या आवाजाची पातळी सांभाळायचा. वनिता लांब काठीवरचा माईक, म्हणजे बूम, बोलणाऱ्याच्या डोक्यावर धरून उभी राहायची. काम चालू असताना दोघं बोलत नसत. त्यानं मान हलवली की ती काठी बोटभर खाली घ्यायची.

उमापूरला मेंढपाळांवरच्या माहितीपटाचं काम अर्धं झालं होतं. परत येताना, दिवेलागणीला, रस्त्यात उसाची ट्रॉली बंद पडलेली होती. मागं लाल दिवा नव्हता. मोटारसायकल तिच्यावर आदळली. समाधान जागीच गेला. वनिताचा डावा खांदा मोडला. रेकॉर्डर समाधानच्या अंगाखाली चेचला गेला.

थंडी सरता सरता दिग्दर्शिका धनश्रीचा फोन आला. "तुला जमत असेल तरच, वनिता. नाहीतर मी पुण्याहून कुणाला तरी आणते."

"मीच येते," वनिता म्हणाली. "पण रेकॉर्डर नवा लागंल."

पुण्याच्या दुकानदारानं पारखायला दोन पाठवले. एक आठ ट्रॅकचा, म्हणजे आठ माईकचे आवाज वेगवेगळे टिपणारा, पण जड. समाधानला तोच हवा होता. त्याच्या मोबाईलमध्ये त्या रेकॉर्डरचे फोटो भरलेले होते. दुसरा सहा ट्रॅकचा, तळहाताएवढा.

दुकानदार फोनवर म्हणाला, "ताई, छोटाच घ्या. यात कुणी कुजबुजलं काय, ओरडलं काय, आवाज फाटत नाही. पातळी मागाहून कॉम्प्युटरवर जुळवायची. दुसरा माणूसच लागत नाही."

"बरं," म्हणून वनितानं फोन ठेवला.

अपघातापासून सासरे शहादेव पाटोद्याहून तिच्याजवळ येऊन राहिले होते. त्यांनी मोठ्या रेकॉर्डरवरून हात फिरवला. "त्याला हाच पाह्यजे होता ना?"

"हां, मामा."

"मग हाच घी."

"लई जड हाय. हा गळ्यात घालून मला बूम धरता येत न्हाई."

"बूम मी धरतो."

तिला नाही म्हणवलं नाही. शेजारच्या केशरबाईंना तिनं ओट्यावर बसवलं आणि काहीही बोलत राहा म्हणून सांगितलं. केशरबाई नातवाच्या शाळेचं सांगू लागल्या. हेडफोनमध्ये आधी आवाज स्वच्छ आला. मग तो लांब जाऊ लागला, आणि त्यावर काठीला घासणारी बोटं आणि म्हाताऱ्याचा श्वास ऐकू यायला लागला.

"मामा, खाली घ्या."

"जमतंय मला."

"घ्या की खाली."

शहादेवांनी काठी भिंतीला टेकवली आणि तिथंच बसले. "एसटीत लाग म्हणलो होतो त्याला," ते म्हणाले. "कावून ऐकलं न्हाई त्यानं?"

केशरबाई उठून आपल्या घरी गेल्या.

संध्याकाळी वनितानं छोटा रेकॉर्डर कमरेला बांधला. काठीचं टोक कमरेला टेकवून उजव्या हातानं पेलता येत होतं. मोठा रेकॉर्डर परत पाठवायचा ठरला. त्याच्या खोक्याला चिकटपट्टी शहादेवांनीच लावली, गरज नव्हती तितकी.

उमापूरला मेंढपाळ सटवा कॅमेऱ्यासमोर बोलता बोलता एकदम कुत्र्यावर ओरडला. वनिताची नजर सवयीनं शेजारी गेली. तिथं कुणी नव्हतं. आवाज मात्र फाटला नाही.

"साफ आलंय," धनश्री म्हणाली.

सटवानं वनिताला विचारलं, "मालक न्हाई आले?"

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. धनश्रीनं मान खाली घातली.

"वारले," वनिता म्हणाली. "इथून जातानाच."

सटवानं मुंडासं काढून हातात घेतलं. "माझ्या हातचा चहा पिऊन गेलते," तो म्हणाला.

सामान आवरताना शूटिंगची व्यवस्था बघणारा नाथा धनश्रीला म्हणाला, "पुढचं काम नंदुरबारकडं हाय. आवाजाला आता एकाच माणसाची सोय बघायची, बरं झालं." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. वनिता केबल गुंडाळत राहिली.

घरी आल्यावर तिनं शहादेवांना नंदुरबारचं सांगितलं.

"एकलीच जाणार?"

"हां."

सकाळी त्यांनी पिशवी भरली. ती त्यांना स्टँडवर सोडायला गेली. पाटोद्याची गाडी लागली, तसे ते पायरीवर चढून वळले. "दिवस हाय तवरच घरी येत जा, पोरी," म्हणाले, आणि आत जाऊन पलीकडच्या खिडकीला बसले.