दुसरी पसंती

शिवप्रियानं चौथी चिठ्ठी उलगडली आणि चष्मा पुसला. आईच्या मुरुम गावातल्या घरात सकाळपासून एकच विषय चालला होता. न्हाणीत पडल्यापासून त्यांच्या अव्वाला, इरम्मांना, एकटं ठेवायची सगळ्यांना धास्ती होती. बोलून बोलून भावंडं थकली, तेव्हा कॉलेजात शिकवणाऱ्या शिवप्रियानंच मार्ग काढला. प्रत्येकानं तिन्ही ठिकाणं पसंतीच्या क्रमानं लिहायची.

"धाराशिवला दोन, पुण्याला एक. अन् शेजारच्या चन्नम्माला सोबतीला ठेवून अव्वानं इथंच राहायचं, याला एक," ती म्हणाली. "निम्म्याहून जास्त कुणालाच न्हाईत. मग एकेक मत पडलेली दोन्ही बाद. त्या चिठ्ठ्यांवरची दुसरी पसंती धरायची."

दोन्ही चिठ्ठ्यांवर दुसरं नाव धाराशिवच होतं.

पुण्याला राहणारा विरेश भिंतीला टेकला. चौथी चिठ्ठी लिहिणाऱ्या पंचाक्षरी काकांनी होकारार्थी मान हलवली. धाराशिवला घर होतं ते थोरल्या शिवानंदचं. तो खाली बघत राहिला.

त्याची बायको भुवनेश्वरी आत चहा गाळत होती. सासऱ्यांचं अंथरुणातलं सगळं तिनंच काढलं होतं. तेव्हापासून तिची कंबर धरलेली. इरम्मा ओट्याशेजारी पाटावर बसल्या होत्या.

"काय ठरलं?"

"आमच्याकडं, अव्वा."

"तू काय लिहिलंस?"

"मला कुठं चिठ्ठी दिली?"

"मलाबी न्हाय दिली."

भुवनेश्वरीनं गाळणं बाजूला ठेवलं. "दिली असती तर?"

"इथंच." इरम्मांनी तिच्या कंबरेकडं बघितलं. "तुझ्यावर राग न्हाय गं. तू दमलीस."

भुवनेश्वरी गाळण्यातल्या चोथ्याकडं बघत उभी राहिली. मग ट्रे घेऊन बाहेर आली आणि तिनं दोन कोऱ्या चिठ्ठ्या मागितल्या.

"एक अव्वांची, एक माझी."

"निकाल लागलाय की, वहिनी," विरेश म्हणाला.

शिवप्रियानं कागद फाडून दिला. भुवनेश्वरीनं उभ्याउभ्याच दोन्ही चिठ्ठ्या लिहिल्या. मोजणी पुन्हा सुरू झाली. या वेळी एकटं पुणं बाद झालं. त्या चिठ्ठीवरचं दुसरं मत धाराशिवला गेलं.

"धाराशिव तीन, इथं तीन," शिवप्रिया म्हणाली.

कपांवर साय धरली तरी कुणी हात लावला नाही. शेवटी शिवानंद उठला, आत गेला आणि आईसमोर खाली फरशीवर बसला.

"अव्वा, तुला काय वाटतंय?"

 इरम्मांनी आधी पाटावर थोडं सरकून त्याला जागा करून दिली.