चांगला गुडघा

मनकर्णाच्या मांडीवरच्या चामडी पट्ट्याचं शेवटचं भोक आता गोल उरलं नव्हतं. वर्षानुवर्षं ओढून ते तांदळाच्या दाण्यासारखं लांबट झालं होतं. गोपिकेनं रोजच्याप्रमाणे बकलाची सुई त्यात घातली, तर पट्टा सैल राहिला. तिनं तो जरा आवळला आणि सुई आतल्या भोकात सहज गेली.

"काहून वं मनकर्णा, बारीक होऊन राहिली तू?"

मनकर्णानं लुगडं खाली ओढून पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरच्या लोखंडी सळ्या झाकल्या.

"डॉक्टरीणबाईनं सांगितलंच होतं ना, वैनी."

"तुले सांगितलं. मोहल्ल्याले कोण सांगन? लोकं मलेच बोलतीन."

रामदासपेठेतल्या त्या डॉक्टरीणबाईंनी पोलिओच्या पायाकडे फारसं पाहिलंच नव्हतं. धडक्या पायाचा गुडघा दोन्ही हातांत धरून, हळूहळू वाकवून त्या म्हणाल्या होत्या, "लहानपणापासून हा एकटाच दोघांचं काम करतोय. याच्यावरचं वजन उतरलं नाही, तर चाळिशीनंतर तुम्ही खाटेवरून उठणार नाही." मग घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय उचलायचा व्यायाम त्यांनी दाखवला, भात निम्मा करायला सांगितला, आणि रोज चालायला.

चालायचं कुठे? विणकरांच्या मोहल्ल्यात बाई पाण्याला जाई, बाजाराला जाई. नुसतं चालायला कोणी जात नसे. शिवाय मनकर्णाचं काम बसूनच होतं. घरच्या मागांना लागणाऱ्या सुताच्या कांड्या ती चरख्यावर भरून देई, आणि तिला जे लागे ते जागेवर येई. पाणी, ताट, सुपारीसुद्धा. शेजारच्या बाया त्यावरून गोपिकेला नावाजत. रेशनची मायलो ज्वारी खाऊन काढलेल्या दुष्काळाच्या वर्षातही या भावजयीनं अपंग नणंदेचं ताट रिकामं ठेवलं नाही, असं त्या एकमेकींना सांगत. ते खरंच होतं. त्या वर्षी गोपिका स्वतः कितीदा नुसत्या चहावर झोपली, हे फक्त मनकर्णाला माहीत होतं.

म्हणून ती लपूनछपून बारीक होत होती. दार लोटून वाळूची पिशवी उचली. घरात दोघीच असल्या की निम्मा भात परत करी. चार माणसांत ताट आलं, की मात्र मुकाट्यानं संपवी. एकदा सगळ्यांना सांगून टाकावं, असं दिवाळीत ठरवलं होतं. संक्रांतही गेली.

थंडी ओसरायला लागली तेव्हा तिचा भाऊ चंद्रभान यानं सुताला खळ द्यायची पाजणी काढली. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभ्या सुताचा ताणा बांधला होता, आणि खळ लावलेल्या सुतावरून कुंचे फिरवत माणसं दोन्ही बाजूंनी चालत होती. खळ ओली आहे तोवर कुंचा फिरायला हवा. वाळली, की धागे एकमेकांना चिकटून बसतात. त्यामुळे सगळ्यांची चाल भराभर. मनकर्णा नेहमीसारखी एका टोकाला स्टुलावर बसून तुटलेले धागे सांधत होती.

पाजणी उरकली. हात लावायला आलेल्यांना गोपिका पोहे वाटू लागली. शेजारच्या रुख्माबाईनं मनकर्णाला निरखून पाहिलं.

"गालफडं बसली वं पोरीची. तुही सासू गेल्यापासून ताट लहान झालं का काय, गोपिका?"

"लहान कशाले होते, नणंदेलेच भूक लागत नसन," दुसरी म्हणाली, आणि दोघीतिघी हसल्या.

चंद्रभान खाली मान घालून कुंचा धूत राहिला.

गोपिका सरळ मनकर्णाकडे आली. वाटीभर पोहे तिनं बशीत घातले, मग आणखी एक वाटी. तिसरी वाटी तिनं वरून ओतली आणि पोहे बशीच्या कडेवरून मनकर्णाच्या मांडीवर सांडले.

"खा ना," ती इतकंच म्हणाली. हळू. डोळे वर न करता.

मनकर्णानं लुगड्यावरचे पोहे एकेक करून वेचले. मग बशी बाजूला ठेवून ती काठीवर रेलून उठली. कॅलिपरची कडी खटकन बसली.

"काय पाहिजे? मी आणतो," म्हणत गोपिका सवयीनं पुढे झाली. मनकर्णानं तिचा दंड धरला आणि तसाच धरून ठेवला.

"रुख्माकाकू, वैनी मले कमी नाही वाढत. तिनं वाढलेलं मीच नाही खात. डॉक्टरनं वजन कमी करायले लावलं. नाही केलं तर हाही पाय जाते."

रुख्माबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"बस वं मनू, पडशीन," चंद्रभान म्हणाला.

"भाऊ, पुढच्या पाजणीले मले कुंचा दे."

"कुंचा? अवं, तू पाऊल टाकशीन तोवर खळ वाळून जाईन."

मनकर्णानं मोकळ्या गल्लीकडे पाहिलं, पार त्या टोकापर्यंत.

"वाळली तर वाळू दे. चिकटलेले धागे मीच सोडवत बशीन. पण आता मी चालीन."